प्रत्येक युनिट टेस्टनंतर टेस्ट डेटाबेस पुन्हा कोरा कसा करायचा?

टेस्ट एकटी चालवली की पास आणि सगळ्या एकदम चालवल्या की फेल, म्हणजे आधीच्या टेस्टचा डेटा मागे राहतोय. दर वेळी अख्खा डेटाबेस ड्रॉप करून मायग्रेशन (टेबलं नव्याने बनवणाऱ्या स्क्रिप्ट) चालवू नका, फार वेळ खातं ते. सेटअपमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू करा, शेवटी रोलबॅक, म्हणजे त्यातले सगळे बदल रद्द, बहुतेक टेस्टना एवढं पुरतं.

पण पोस्टग्रेसमध्ये रोलबॅकने सिक्वेन्स, म्हणजे आयडी देणारा काउंटर, मागे जात नाही हं. इथे बडोद्यात एका दुकानाचं बिलिंग करत होतो, टेस्टमध्ये दांडिया बाजारचा एक ग्राहक टाकायचा आणि आयडी 1 येतो का बघायचं, पहिल्यांदा 1 आला, पुढच्या रनला 2, अख्खी दुपार गेली त्यात. आयडी गृहीत धरूच नका, इन्सर्टने जो परत दिला तोच वापरा.

कोड स्वतःच कमिट करत (बदल कायमचे साठवत) असेल किंवा दुसऱ्या कनेक्शनवरून लिहीत असेल तर रोलबॅकचा उपयोग नाही, तिथे ट्रंकेट करा, म्हणजे टेबल रिकामं करा, पोस्टग्रेसमध्ये सोबत रीस्टार्ट आयडेंटिटी (आयडी पुन्हा सुरुवातीपासून) आणि कॅस्केड (त्या टेबलाशी जोडलेली टेबलंही रिकामी) लावा, आणि हे टेस्टच्या आधी करा, म्हणजे आधीची मधेच बंद पडली तरी पुढचीला टेबल कोरं मिळतं. मायएस्क्यूएलमध्ये ट्रंकेट आपोआप कमिट करतं, ते ट्रान्झॅक्शनच्या आत नको.