ताकाराझुकामध्ये बायका पुरुष पार्ट का करतात, आणि त्यातून त्यांना मोकळीक मिळते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जपानच्या ताकाराझुका रंगभूमीवर पुरुषांची कामंही बायकाच का करतात, तो पुरुष पार्ट घडतो कसा, आणि याला स्त्रियांचं स्वातंत्र्य म्हणावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रंगमंचावरची मोकळीक खरी आहे, पण ती पुरुष पार्ट करणारीच्या वाट्याला येते. तिची किंमत बरीचशी तिच्या शेजारी उभी असलेली नायिका मोजते. कंपनीच्या कारभारात तर ही मोकळीक फारच थोडी पोचली.

सुरुवात निव्वळ व्यवसायातून झाली. इचिझो कोबायाशी हा रेल्वेचा माणूस. त्याच्या कंपनीची (आजची हानक्यू) ओसाकाहून ताकाराझुकाला जाणारी गाडी १९१० साली सुरू झाली. शेवटच्या स्टेशनाला गरम पाण्याचे झरे होते, पण गाडी भरून जावी इतकी माणसं तिथे येत नव्हती. बांधलेला बंदिस्त पोहण्याचा तलावही चालला नाही. पाणी फार गार असायचं आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला परवानगी नव्हती. तोक्योतल्या मित्सुकोशी दुकानाचं मुलांचं वाद्यवृंद पथक तेव्हा लोकप्रिय होतं. ते पाहून कोबायाशीने १९१३ साली मुलींचं गायनपथक उभं केलं आणि १ एप्रिल १९१४ रोजी त्याच तलावाचं नाट्यगृह करून पहिला प्रयोग लावला. सहकुटुंब पाहता येईल अशी स्वच्छ करमणूक त्याला हवी होती. 'निर्मळ, सचोटीचं, सुंदर' हे संस्थेचं ब्रीद त्याच विचाराचं. सगळ्या मुलीच असल्यामुळे पुरुषांची कामंही त्यांच्याकडेच आली.

मागची पार्श्वभूमी ठाऊक असली तर यातलं वेगळेपण नीट कळतं. काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकाराची सुरुवात १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईने क्योतोत केली आणि तीही पुरुषवेशात नाचायची. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावरून हटवलं, पुढे किशोरवयीन मुलांनाही. तेव्हापासून काबुकीत स्त्रीपार्टाचे पुरुष कलाकार तयार झाले, ते आजतागायत. मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. योगायोग असा की बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळीही १९१३ चीच. इथे पुरुष स्त्रीपार्टात शिखर गाठत होते, तेव्हा तिकडे त्याची उलट बाजू सुरू होत होती.

पहिली काही वर्षं हा पुरुष पार्ट म्हणजे मुलींनी केलेलं राजपुत्राचं सोंग होतं. १९२७ मध्ये पॅरिसच्या धर्तीचा रेव्ह्यू (नाच-गाण्यांचा झगमगीत कार्यक्रम) आला, सूट-टोपी-काठी आली आणि बाज बदलला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरुष पार्ट करणाऱ्या नट्यांनी केस आखूड कापले. यात ताकाराझुकाची नव्हे, तर तोक्योतल्या शोचिकु या दुसऱ्या कंपनीची ताकिको मिझुनोए आघाडीवर होती. १९३३ मध्ये तिथे पगार आणि कामाच्या अटींसाठी नट्यांचा संप झाला तेव्हा पुढारीपणही तिचंच होतं. तिचा उल्लेख मुद्दाम करते आहे, कारण रंगमंचावर कमावलेला ठामपणा रंगमंचाबाहेरही वापरता येतो हे तिने दाखवलं.

आता घडवणुकीकडे. ताकाराझुकाच्या संगीत विद्यालयात १५ ते १८ वर्षांच्या मुलींना प्रवेश मिळतो. वर्षाला सुमारे ४० जागा, दोन वर्षांचं शिक्षण. पुरुष पार्ट घ्यायचा की स्त्रीपार्ट, हे मुलीची इच्छा, उंची आणि आवाज पाहून ठरतं. उंच मुली सहसा पुरुष पार्टाकडे जातात. 'पुरुष पार्टाला दहा वर्षं' असं तिथे म्हणतात, आणि ते खरंच आहे. आवाज छातीतून खाली आणायचा. घसा आवळून जाडा केलेला आवाज टिकत नाही, गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातच फाटतो. चालताना पावलांत अंतर, वजन कंबरेखाली, खांदे सैल. अंगाच्या वळणांवर टॉवेल किंवा पॅड बांधून धड सरळ दिसेल असं करायचं, मगच कोट बसतो. टोपीची कड दोन बोटांनी धरणं, काळ्या टेलकोटात वळताना कोटाचं शेपूट मागे उडणं, हे सगळं आरशासमोर वर्षानुवर्षं घोटलेलं असतं.

नवशिक्या नट्या इथेच फसतात. रस्त्यावरच्या खऱ्या पुरुषाची नक्कल केली की पार्ट पडतो: पाठ वाकते, हालचाल बारीक होते आणि मागच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. ताकाराझुकाचा नायक हा बायकांनी बायकांसाठी घडवलेला पुरुष आहे. तो ऐकून घेतो, रडतो, नायिकेकडे पाहताना बाकी जग विसरतो. प्रेक्षकांत बहुसंख्य बायका का, याचं उत्तर मला यातच दिसतं. युद्धानंतर कंपनीने पुरुष विद्यार्थीही घेतले होते. विरोध इतका झाला की त्यांना मुख्य प्रयोगांत पुढे येताच आलं नाही आणि १९५४ मध्ये तो विभाग बंद झाला.

स्त्रीपार्ट करणारीचं काम मला जास्त कठीण वाटतं आणि त्याबद्दल लिहिलं कमी जातं. तिचा आवाज उंच पट्टीत हवा, पावलं आखूड, नजर किंचित खालून. गळ्यातले-केसातले दागिने बऱ्याचदा ती स्वतः बनवते. ती जितकी नाजूक दिसेल तितका शेजारचा 'पुरुष' भारदस्त वाटतो. कंपनीच्या नट्या पाच संघांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक संघाची प्रमुख ओळख असते ती पुरुष पार्टाची अव्वल नटी, नायिका तिची जोडीदार. आणखी बोलकी गोष्ट म्हणजे 'गॉन विथ द विंड'मधल्या स्कार्लेट ओ'हारासारखी हट्टी, ताकदीची स्त्री रंगवायची असली की ती भूमिका सहसा पुरुष पार्टाच्या नटीला देतात. १९७४ मध्ये रियोको इकेदाच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) 'व्हर्सायचा गुलाब' आलं आणि कंपनीची लोकप्रियता प्रचंड वाढली. त्यातला ओस्कार म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी, आणि तिचं कामही पुरुष पार्टाकडेच. बाईच्या अंगातला जोर दाखवायला पुरुष पार्टातून यावं लागतं, ही या रंगभूमीची मर्यादा आहे. तिचं कौतुक करतानाही ती नजरेआड करू नये.

कारभाराबद्दल थोडक्यात. नट्यांना अजूनही 'विद्यार्थिनी' म्हणतात. लग्न करायचं तर कंपनी सोडावी लागते. पहिली स्त्री दिग्दर्शिका केइको उएदा. तिचं पहिलं नाटक १९९८ साली आलं, म्हणजे स्थापनेनंतर ८५ वर्षांनी. ज्येष्ठ-कनिष्ठतेची शिस्त कडक, आणि तिने जीवही घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये सोरा संघातल्या एका तरुण नटीचा मृत्यू झाला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने वरिष्ठांकडून तिचा छळ झाल्याचं मान्य करून कुटुंबीयांची माफी मागितली. 'बायकांचं स्वतःचं जग' म्हणून ताकाराझुकाची आरती ओवाळणाऱ्यांनी हा भाग गाळू नये. पुरुष नसले म्हणून सत्तेची उतरंड आपोआप नाहीशी होत नाही.

पाहायला सुरुवात करायची असेल तर अशा प्रयोगापासून करा ज्यात पूर्वार्धात नाटक आणि उत्तरार्धात रेव्ह्यू आहे. मध्यंतर धरून साधारण तीन तास लागतात. पाच संघ आहेत: हाना, त्सुकी, युकी, होशी, सोरा. आधी एकाच संघाचे दोन-तीन प्रयोग पाहा, म्हणजे चेहरे ओळखीचे होतात आणि कोण कोणाच्या मागे उभं आहे ते कळू लागतं. चित्रफीत पाहताना शेवटचा भाग वगळू नका. २६ पायऱ्यांचा मोठा जिना येतो, टेलकोटातला सामूहिक नाच होतो, मग अव्वल जोडीचं युगलनृत्य आणि शेवटी पिसांची मिरवणूक. मिरवणुकीत जिन्यावरून सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठी पिसं लावून कोण उतरतं, ते पाहा. त्याआधीच्या युगलनृत्यात नायकाकडे सगळेच पाहतात, तुम्ही नायिकेच्या घेरदार झग्याकडे लक्ष द्या. जोडीदार उंच दिसावा म्हणून ती बराच वेळ गुडघे वाकवून नाचत असते.