आडवाटेची ठिकाणं, एका दिवसात

पहिल्याच सहलीला पाच ठिकाणांची यादी करू नका. दोन पुरेत, तिसरं जमलं तर. आडवाटेच्या जागांचा खरा घोळ पत्त्यात असतो. नकाशावरची खूण बऱ्याचदा भलत्याच शेतात नेऊन सोडते, म्हणून आदल्या रात्री उपग्रह-चित्रात रस्ता नेमका कुठे संपतो ते बघा आणि तेवढ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. रेंज गेली तरी जीपीएस चालतं, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. लागतो तो नकाशा. शेवटचा टप्पा मात्र गावातल्या माणसालाच विचारा.

छोटी संग्रहालयं आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात, तेव्हा आधी फोन करा. जुने शिलालेख किंवा कोरीवकाम सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात पाहा. तिरप्या प्रकाशात अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट. (फोटोवाल्या मंडळींना हे सांगावं लागत नाही.)

आजी-आजोबा सोबत असतील तर पायऱ्या किती आणि स्वच्छतागृह कुठे, हे आधी विचारा. मुलांना वाट दाखवायचं काम द्या, कुरकुर निम्मी होते. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा.