कुरोगोला ‘सूत्रधार’ म्हणावे का?

काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकाराच्या चित्रफितींत नटांमागे काळ्या कपड्यांत, तोंड झाकून वावरणारी माणसे दिसतात. त्या कुरोगोंना मराठीत ‘सूत्रधार’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे.

नाही म्हणता येणार. आपला सूत्रधार प्रेक्षकांपुढे येऊन बोलतो, नाटकाची ओळख करून देतो. हा माणूस मात्र समोर असूनही नाहीच, असे प्रेक्षकांनी धरून चालायचे असते. काबुकीत काळा रंग म्हणजे ‘इथे काही नाही’. म्हणूनच बर्फाच्या प्रसंगात तो पांढऱ्या कपड्यांत येतो, समुद्राच्या प्रसंगात निळ्या. नटाच्या हाती वस्तू देणे, त्याच्याखाली बैठक सरकवणे, लांब काठीच्या टोकाला लावलेले फुलपाखरू भिरभिरवणे ही त्याची कामे. नाटकवाले त्याला कुरोगो म्हणतात. इतरांच्या तोंडी ‘कुरोको’ रुळले आहे, आणि पडद्याआड राबणाऱ्या कुणालाही जपानीत आज तेच म्हणतात.

मात्र नृत्यनाट्यात हाच मदतनीस तोंड उघडे ठेवून, रीतसर किमोनो आणि हाकामा (त्यावरचा घोळदार, चुण्यांचा पायघोळ) घालून बसलेला दिसला, तर तो कोऽकेन. त्याचे काम बघण्यासारखे असते. नटाचा वरचा पोशाख कच्च्या टाक्यांवर बेतलेला असतो. नाच चालू असतानाच कोऽकेन एकेक दोरा काढून घेतो आणि नेमक्या क्षणी पोशाख ओढतो. क्षणात नट दुसऱ्याच रंगात उभा! ‘नो’ या दुसऱ्या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारात त्याची जबाबदारी आणखी मोठी. तो मागे बसून सगळा प्रयोग पाहतो, नट अडला तर ओळ सुचवतो आणि नटाला पुढचे काम करणे अशक्य झाले तर तिथूनच ती भूमिका स्वतः पुढे नेतो. त्यामुळे तिथे जाणता नटच लागतो.

‘कोऽकेन’ची चित्राक्षरे ‘मागे’ आणि ‘पाहणे’ अशी आहेत. अल्पवयीन मुलाच्या कायदेशीर पालकालाही जपानीत कोऽकेननिन म्हणतात. मला इथे ‘पाठराखा’ चपखल वाटतो. नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण आठवा: सोहळा तिचा नसतो, पण नवरीला काय हवे-नको ते तिलाच आधी कळते.

कुरोगोला मात्र मराठी प्रतिशब्द शोधू नये. काळ्या कपड्याचा संकेत त्या नावातच आहे. आणि ‘कोऽकेन’ लिहिताना अवग्रह गाळू नका. तिथला ओ लांबवायचा असतो, आणि नुसते ‘कोकेन’ लिहिले तर वाचक अमली पदार्थच समजेल.