ऑन्टारियोत टॅक्स किती धरायचा? ताई, उत्तर जरा लांबलंय

ताई, तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये नाशिकहून कॅनडात, ऑन्टारियोतल्या मिसिसागाला येतोय, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना हातात आहे, महिन्याच्या खर्चाचं एक्सेल केलंय, त्यात सगळ्यावर सरसकट १३ टक्के सेल्स टॅक्स लावलाय ते बरोबर आहे का, की सरळ अल्बर्टा प्रांतात जावं म्हणजे ८ टक्के वाचतील. आणि शेवटी एका ओळीत, मुलगा पाचवीत जाईल, त्याला जड जाईल का. खरं सांगायचं तर टॅक्सचं उत्तर मी दोन ओळींत देणार होतो पण ती शेवटची ओळ वाचली आणि रात्री झोप लागेना, म्हणून आता बसून टाइप करतोय.

कुठल्या प्रांतात किती टक्के ते सरकारी पानावर आहे, ते मी इथे उतरवत बसत नाही. फक्त एवढं डोक्यात ठेवा की केंद्राचा जीएसटी सगळीकडे ५, त्यावर प्रांताचा असेल तर वेगळा. ऑन्टारियोत दोन्ही एकत्र करून एचएसटी १३, म्हणजे ५ अधिक ८, हे २०१० च्या जुलैपासून. आपल्याकडे बिलावर सीजीएसटी ९ एसजीएसटी ९ असं निम्मं-निम्मं असतं तसं इथे नाही. मी पहिले सहा महिने उगाच साडेसहा-साडेसहा असं मनात धरून चाललो होतो, का ते विचारू नका.

खरी गंमत ही की शेल्फवरची किंमत म्हणजे टॅक्सच्या आधीची. आपल्याला एमआरपीची सवय. बिस्किटाच्या पुड्यावर १० रुपये छापलंय म्हणजे १० रुपये, एक पैसा जास्त नाही, जास्त मागितला तर भांडण. इथे काउंटरवर गेल्यावर खरा आकडा कळतो. गंमत म्हणजे १९९१ मध्ये इथे जीएसटी आला त्याच्याआधी केंद्राचा जो टॅक्स होता तो कारखानदाराकडून साडेतेरा टक्के घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला तो दिसायचाही नाही. मग उघड टॅक्स आला ७ टक्के, आणि लोक चिडले ते या उघड टॅक्सवर. माणसाचं असंच असतं.

१३ टक्के तोंडी काढायला लोक फोन काढतात. मला आजोबांनी पावकी निमकी पाऊणकी घोकून घेतली होती त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा इथे झाला. रुपयाला दोन आणे म्हणजे आठवा भाग, म्हणजे साडेबारा टक्के. किंमत आठाने भागा, वर चिमूटभर टाका, झालं. ८० डॉलरचं जॅकेट, आठवा भाग १०, खरा टॅक्स १०.४०. सांगलीतला माणूस मॉलमध्ये उभा राहून रुपयाला दोन आणे म्हणतोय, बायको हसते, हसू दे.

आता तुमचं एक्सेल. सरसकट १३ लावलंत तर आकडा बराच फुगेल. तूरडाळ, तांदूळ, आटा, दूध, अंडी, भाजी, फळं, यांच्यावर शून्य. मी एकदा हौसेने महिन्याची सगळी ग्रोसरीची बिलं जोडली, ८७० डॉलर झाले आणि त्यावर टॅक्स निघाला ११ डॉलर आणि काही सेंट. तो कशावर, तर वेफर्स, कोल्ड्रिंक, साबण, आणि खारे शेंगदाणे. हो, कच्च्या शेंगदाण्यांवर टॅक्स नाही, तेच खारवले की १३ टक्के. कूट करायला कच्चेच लागतात त्यामुळे आपलं नुकसान नाही. गरम समोसा घेतला की टॅक्स. डोनट पाच घेतले की टॅक्स, सहा घेतले की नाही, कारण सहा म्हणजे घरी न्यायचा किराणा आणि पाच म्हणजे खाऊ, असा सरकारचा समज. आमच्याइथे पाच जणांचं कुटुंब असलेला एक मित्र यावरून फार दुखावलेला आहे.

मुलाचे कपडे, छोट्या मापाचे बूट, पुस्तकं, कार सीट, यावर ऑन्टारियोत प्रांताचे ८ काउंटरवरच माफ होतात, फक्त ५ लागतात. कपड्याला वय नाही बघत, माप बघतात. चार डॉलरच्या आतलं तयार खाणं, म्हणजे एक कॉफी एक मफिन वगैरे, त्यालाही ५. मोबाइल, इंटरनेट, केस कापणं, हॉटेल, फर्निचर, सगळ्याला पूर्ण १३. घराच्या इन्शुरन्सवर प्रांत वेगळा ८ टक्के घेतो, गाडीच्या इन्शुरन्सवर नाही. हे असं का, त्याच्या मागे लागू नका, मी लागलो होतो.

हॉटेलात टिपचं मशीन समोर करतात त्यात १८, २०, २२ असे आकडे असतात आणि पुष्कळदा ते टॅक्ससकट रकमेवर काढलेले असतात. ६० डॉलरचं जेवण, टॅक्स धरून ६७.८०, त्यावर १८ टक्के म्हणजे १२.२०, आणि नुसत्या जेवणावर १०.८०. म्हणजे टॅक्सवरही टिप. आकडा स्वतः घालता येतो, लाजू नका. क्यूबेक प्रांतात २०२५ पासून कायदाच आहे की सुचवलेली टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची. तिकडे टॅक्सवर टॅक्स हा जुना विषय आहे म्हणा, २०१२ पर्यंत प्रांताचा टॅक्स केंद्राचा जीएसटी मिळवून आलेल्या रकमेवर काढायचे, साडेनऊ टक्के. ते बंद करून किमतीवरच काढायचं ठरवलं तेव्हा दर केला ९.९७५. साडेनऊला १.०५ ने गुणा, बरोबर तेवढंच येतं, म्हणजे नाव बदललं, गिऱ्हाइकाचा पैसा तेवढाच.

अल्बर्टाचं सांगतो. तिथे फक्त ५, खरंय. पण ८ टक्के वाचतात ते फक्त टॅक्स लागणाऱ्या खरेदीवर. वर्षाला अशी खरेदी १५ हजारांची धरली तर १२०० डॉलर वाचतील. वाईट नाही, पण त्यासाठी नोकरी सोडून कॅल्गरीला जाऊ नका. गाडी घेताना मात्र फरक जाणवतो. ३० हजारांच्या गाडीवर इथे ३९००, तिथे १५००. आणि इथे ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली तरी नावावर करताना १३ टक्के भरावे लागतात, तेही कागदावर लिहिलेल्या किमतीवर किंवा गाडीच्या बाजारभावाच्या यादीवर, जे जास्त असेल त्यावर. "आपण कमी किंमत लिहू" असं सांगणारा एखादा भेटेलच तुम्हाला, आपलाच माणूस असेल.

आता माझी चूक ऐका. इथे मी आलो तेव्हा ज्याला जीएसटी क्रेडिट म्हणायचे असा प्रकार आहे, कमी-मध्यम उत्पन्नाच्या घरांना दर तीन महिन्यांनी पैसे येतात. माझ्या भावाचं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे जीएसटी क्रेडिट म्हटल्यावर माझ्या डोक्यात इनपुट क्रेडिटच आलं, दुकानदारांचं काहीतरी असेल, आपला काय संबंध. आलो २०२२ च्या जानेवारीअखेर आणि कळलं १४ महिन्यांनी, ते पण लॉन्ड्रीत भेटलेल्या एका पंजाबी काकांकडून. मुलांसाठी सरकारकडून पैसे मिळतात, त्या बेनिफिटचा फॉर्म आरसी६६ असतो, तो भरला की मुलासाठी दोन्हीकडे नोंद होते, आणि नवीन आलेल्यांनी सोबत आधीच्या वर्षांचं भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये लिहून द्यायचं असतं. तो पहिल्याच महिन्यात भरा. अकरा महिन्यांपेक्षा मागचं मागायला गेलात की पुरावे मागतात.

आणि पुराव्यातच माझी जिरली. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा. तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर नाव घालायचं राहून गेलं, कुणाच्या लक्षातच नाही, पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. आणि पासपोर्टात गिव्हन नेममध्ये तिचं आणि माझं नाव एकत्र, आपल्याकडे असतंच तसं. मग इथल्या कागदावर तिचं नाव दोन शब्दांचं, तिकडच्या कागदावर नावच नाही. भाऊ जन्मगावच्या ऑफिसात चार वेळा गेला, दोनदा साहेब नव्हते, एकदा रजिस्टर सापडलं नाही, चौथ्यांदा दाखला मिळाला तर स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. पाचव्यांदा जायला मी भावाला सांगू शकलो नाही, प्रतिज्ञापत्र करून भागवलं. पैसे मिळाले सगळे शेवटी, पण तुम्ही निघायच्या आधी मुलाचा दाखला, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आजच बघा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. असतो. थंडीत साडेचार-पाचला अंधार पडतो, रात्री आठला फोन लावला की सांगलीत सकाळचे साडेसहा, आई म्हणते दूधवाला आलाय, नंतर कर. नंतर म्हणजे आपल्या झोपेत. सवय होते. पुढे.

मुलगा. आमची मुलगी पाचवीतच आली, वर्षाच्या मध्यात. इथे जन्मसालावर वर्ग ठरतो, आधी काय शिकलाय त्यावर नाही. इंग्रजी माध्यमातली होती तरी तिला जादा इंग्रजीच्या तासाला घातलं, ते ठीक. इथे गणितात आता पैशांच्या व्यवहाराचा भाग असतो, टॅक्ससकट किंमत काढा वगैरे. चाचणीत प्रश्न होता, जॅकेटची किंमत ५६.५०, १३ टक्के टॅक्स किती? अपेक्षित उत्तर ७.३५, मग एकूण ६३.८५. हिने लिहिलं ६.५०. कारण तिच्या डोक्यात किंमत म्हणजे एमआरपी, टॅक्स आतच असणार, म्हणून तिने ५६.५० ला १.१३ ने भागलं, बरोबर ५० आले, म्हणजे टॅक्स साडेसहा. दहा वर्षांच्या पोरीने हे उलटं गणित स्वतः मांडलं होतं! पुरे पन्नास आल्यावर तर तिची खात्रीच पटली असणार.

शून्य मार्क. शेजारी लिहिलेलं, टक्केवारीची उजळणी हवी. आणि मला बोलावून बाईंनी गोड आवाजात सांगितलं की तिला प्रश्नाची भाषा समजत नाहीये बहुतेक, घरी इंग्रजी बोलत जा.

मी काय केलं? मी येस येस म्हणालो. वी विल प्रॅक्टिस म्हणालो. इंजिनिअर माणूस मी, पेपर हातात होता, तिने काय केलंय ते मला तिथेच दिसलं होतं. दोन मिनिटं लागली असती सांगायला, की बाई, आमच्या देशात किंमतीत टॅक्स धरलेला असतो, तिने त्या हिशोबाने बरोबर काढलंय. पण नोकरी लागून तीन आठवडे झालेले, माझं इंग्रजी अडखळायचं, वाटलं कशाला, नवीन माणसाने वाद घालू नये. बाहेर कॉरिडॉरमध्ये ही एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला तरी कळलं होतं ना?" मी म्हटलं, इथल्या पद्धतीने करायला शिक आता. बूट घालत होती, वर बघितलं नाही.

पुढच्या वर्षी गणितात सगळ्यांच्या पुढे होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही असं बायको म्हणते. पण त्यानंतर तिने शाळेतली कुठलीच गोष्ट मला "हे का चूक" म्हणून दाखवली नाही, आईला दाखवते. आता पंधराची आहे, शनिवार-रविवार एका डोनटच्या दुकानात काउंटरवर असते. मागच्या महिन्यात मी गेलो, मुद्दाम पाच मागितले, १.७९ ला एक. म्हणाली, पाचाचे टॅक्ससकट १०.११ होतील, सहाचे १०.७४, सहावा घ्या, त्रेसष्ट सेंटला पडतो. मशीनकडे न बघता. मागच्या माणसाला कळलं असेल का मी कोण ते, माहीत नाही. मी सहा घेतले.

तो पेपर अजून आहे, आरसी६६ च्या फाइलमध्ये, कोऱ्या दाखल्याच्या झेरॉक्सशेजारी. तिला माहीत नाही.

तर मुलाला जड जाईल का, तर गणित जड जाणार नाही. बोलावणं आलं तर तुम्ही दोघांपैकी ज्याला भांडायला जमतं तो जा, आणि जायच्या आधी मुलाला विचारा की तू असं का लिहिलंस.

एक्सेल पाठवून द्या, बघून देतो. तोवर भाड्याच्या ओळीत १३ टक्के लावले असतील ते काढून टाका, राहत्या घराच्या भाड्यावर टॅक्स नसतो.