टॉवेलच्या लूपसाठी दोन लाखांचं कार्ड?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

टॉवेलच्या कॅटलॉगची रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेली चित्रं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काढायला एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड घेऊ का, हा तुझा मेसेज दोनदा वाचला. कार्डाच्या जाहिरातीतले सगळे आकडे त्यात आहेत, तुझ्या कामाचा मात्र एकही नाही. तरी उत्तर आधीच देऊन टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. आरटीएक्स ५०९० घेऊ नकोस. ५०७० टीआय घे, १६ जीबी मेमरीचं. आणि पप्पा त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढणार असतील तर तेही नको, ५०६० टीआय घे. पण त्यातलं १६ जीबीचंच. त्याच नावाचं ८ जीबीचंही येतं, दुकानदार स्वस्त म्हणून तेच पुढे सरकवेल. हात लावू नकोस.

आता पैशाचं. ५०९० बाजारात आलं ३० जानेवारी २०२५ ला. अमेरिकेत १,९९९ डॉलर, आपल्याकडे सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये. ५०७० टीआयची ८०,०००. हे कंपनीने जाहीर केलेले आकडे. ५०९० त्या भावात हाती लागलं तर नशीब समज, दुकानदार वर बरेच मागतात. त्याच कंपनीच्या आधीच्या वरच्या कार्डांपैकी २०१७ मध्ये १०८० टीआय ६९९ डॉलरला होतं, २०२२ मध्ये ४०९० आलं १,५९९ ला. म्हणजे आठ वर्षांत वरच्या कार्डाचा भाव जवळजवळ तिप्पट. कॅटलॉगच्या एका पानाला कारखानदार तुला किती देतो आणि तो दर किती वाढला, ते तूच सांग.

कुणीतरी तुझ्या डोक्यात जीएसटी परत मिळतो असं भरवलेलं दिसतंय. १८ टक्क्यांनी २,१४,००० मध्ये साधारण ३२,६०० रुपये कर असतो हे खरं. पण तो वजा करून घ्यायला आधी नोंदणी लागते. तुझी उलाढाल २० लाखांच्या कितीतरी आत, त्यामुळे नोंदणी सक्तीची नाही आणि तू ती केलेलीही नाहीस. म्हणजे तो कर तुझ्याच खिशातून जाणार.

खरा मुद्दा कार्डातल्या मेमरीचा आहे. कार्डाचा वेग कमी पडला तर वाट बघावी लागते, बस्स. मेमरी कमी पडली तर रेंडर सुरूच होत नाही, नाहीतर ब्लेंडर साध्या रॅमचा आधार घेत रखडत बसतं. आणि तुझं काम टेरी टॉवेलचं, म्हणजे मेमरी खाण्यात सगळ्यात पुढचं. चादर सपाट असते, जेकार्डचं विणलेलं डिझाइन तिच्यावर टेक्श्चर म्हणून, म्हणजे पृष्ठभागावरचं चित्र म्हणून चढवलं की भागतं. टॉवेलला लूप असते, धाग्याचा उभा फास. बाथ टॉवेल खराखुरा दिसायला हवा तर एकेक लूप उभी करावी लागते, आणि प्रत्येक लूप कार्डात जागा अडवते.

तू पाठवलेली ती रॅकची फाइल मी उघडून बघितली. बारा टॉवेल, बाराही टॉवेलांना स्वतंत्र लूप, मागे बाथरूमच्या टाइल्स, त्यांना ४के टेक्श्चर. हिशेब कर: ४०९६ बाय ४०९६ चा टेक्श्चरचा एक नकाशा मेमरीत उघडला की ६४ एमबी घेतो. रंगाचा एक, रफनेसचा (खडबडीतपणाचा) एक, नॉर्मलचा (उंचसखलपणाचा) एक, असे प्रत्येक वस्तूला तीन-चार. शंभर नकाशे झाले की सव्वासहा जीबी गेले, लूप अजून मोजलीच नाही. त्या टाइल्स फोकसच्या बाहेर आहेत, कारखानदाराचा गिऱ्हाईक त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. त्यांचे नकाशे २के कर, एकेक १६ एमबीवर येतो. पुढच्या दोन टॉवेलांना खरी लूप ठेव, मागच्यांना नुसता नॉर्मल मॅप पुरे. आणि घडी केलेल्या टॉवेलांची थप्पी असेल तर लूपचं मेश (थ्रीडी आकार) करून ऑल्ट-डीने लिंक्ड डुप्लिकेट टाक, शिफ्ट-डी नको, त्याने प्रत्येक नक्कल वेगळी होते. मग बारा टॉवेल मिळून मेमरीत एकाच टॉवेलची जागा घेतात.

हे सगळं करून मग तीच फाइल रेंडरला लाव, टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे कार्डावर) जा आणि ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’चा आकडा लिहून ठेव. तुझ्या जुन्या ३०६० कार्डात १२ जीबी आहे. आकडा ११ च्या पुढे जाऊन अडत असेल तर १६ ची खरंच गरज आहे. तू मधे ५०७० चं विचारलं होतंस ना, टीआय नसलेलं? त्यातही १२ जीबीच. त्याची जाहीर किंमत ५९,००० होती; ती मोजून तू त्याच भिंतीसमोर येऊन उभी राहशील, फक्त जरा लवकर पोचशील.

वेगाबद्दल बोलायचं तर ब्लेंडरमध्ये ५०९० हे ५०७० टीआयच्या साधारण दुप्पट पळतं. थोडं नाही ते. पण तुझं शेवटचं रेंडर रात्री लागतं. पहाटे तीनला संपलं काय आणि सहाला संपलं काय, फाइल तू चहा घेतल्यावरच बघतेस. वेग लागतो दिवसा, प्रकाश इकडून तिकडे करून बॉर्डरची वीण उठून दिसते का ते बघताना, आणि तिथे ५०७० टीआयसुद्धा तुझ्या ३०६० च्या मानाने पुष्कळ पुढे आहे. शिवाय तू सायकल्सचे (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाचे) ४०९६ सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलला प्रकाश किती वेळा मोजायचा तो आकडा, जसे येतात तसेच ठेवतेस. टाइल्स, नळ, भिंत असल्या गुळगुळीत गोष्टींना एवढे लागत नाहीत, कमी सॅम्पल आणि डिनॉइझरवर (चित्रातले ठिपके पुसणाऱ्या साधनावर) भागतं. टॉवेलला मात्र डिनॉइझर जपून. तो लूप पुसून टाकतो आणि टॉवेल कापसासारखा दिसायला लागतो. पार्श्वभूमी वेगळ्या लेयरमध्ये घे, डिनॉइझर तिथेच लाव, टॉवेल जास्त सॅम्पलवर काढ. एवढ्याने जो वेळ वाचेल त्याला एक रुपया लागत नाही.

‘५०७० म्हणजे ४०९०’ हे वाक्य तू मेसेजमध्ये टाकलंयस. ते कंपनीच्या जानेवारी २०२५ च्या घोषणेतलं, आणि ते फ्रेम जनरेशन धरून. कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि मधल्या तीनपर्यंत अंदाजाने भरतं. गेम खेळताना डोळ्यांना गुळगुळीत वाटतं, तुझ्या भावाला सांग की चांगली सोय आहे. तुझ्या रेंडरला तिचा शून्य उपयोग.

लग्नाच्या व्हिडिओची कामं तू सीझनमध्ये घेतेस, त्यासाठी मात्र नवीन पिढीच्या कार्डात खरोखर कामाची गोष्ट आहे, आणि जाहिरातीत ती कुठेतरी कोपऱ्यात असते. कॅमेरावाले हल्ली १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, शूट करून देतात. तुझं ३०६० ते हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, म्हणून टाइमलाइन अडखळते आणि तू प्रॉक्सी (हलक्या नकला) करत बसतेस. ५० च्या मालिकेत ते जमतं, आणि ५०६० टीआयमध्येही जमतं. त्यासाठी दोन लाख घालवायचं कारण नाही.

लोक ५०९० ला नावं ठेवताना विजेचं बिल पुढे करतात. ते मला पटत नाही. ते कार्ड ५७५ वॉट खातं, ५०७० टीआय ३००. पण पहिलं पाच तासांत जे काम उरकतं त्याला दुसरं दहा तास घेतं. कार्डापुरते एकीकडे २.९ युनिट, दुसरीकडे ३. बिल जवळपास तेवढंच. अडचण आहे ती उष्णतेची. तुझी खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. त्या खोलीत ५०९० चं अख्खं मशीन ८०० वॉटच्या आसपास उष्णता ओतणार. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची जवळजवळ पाव ताकद एकट्या कॉम्प्युटरमागे जाणार. आणि तुझ्याकडे एसी नाही, कूलर आहे. कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवतेस तेही आधी हलव, हवेबरोबर पाण्याचे तुषार आत जातात.

रुईचंही लक्षात ठेव. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातलं कार्ड मी मध्यंतरी उघडलं होतं. पंखे फिरत होते, पण हीटसिंकच्या पात्यांवर बोटाच्या पेरभर जाड थर, करडा, दाबलेला, नखाने सोलला तर एका तुकड्यात निघाला. तुमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. कॅबिनेटला जाळी बसव, आणि ती धूत जा.

मग यूपीएस. तुझा ६०० व्हीएचा आहे, तो जेमतेम ३६० वॉट देतो. ५०९० चालू असताना लाइट गेली तर तो एक क्षण टिकणार नाही. मोठा यूपीएस घ्यायचा, पॉवर सप्लाय १,००० वॉटचा घ्यायचा, कॅबिनेट मोठं घ्यायचं, म्हणजे २,१४,००० ही नुसती सुरुवात. त्या सोळा पिनांच्या प्लगमधून १२ व्होल्टवर ५७५ वॉट न्यायचे तर ४८ अँपिअरच्या आसपास करंट जातो, सहा तारांत वाटला तरी एकेकीतून आठ. प्लग अर्धवट बसला की तापून वितळतो, ४०९० च्या वेळी तशा तक्रारी खूप आल्या होत्या. ५०७० टीआयलाही बहुधा तसाच प्लग येईल. करंट निम्मा असला तरी तो पूर्ण आत दाबायचा, आणि वायर प्लगच्या तोंडाशीच वाकवायची नाही.

एआयचा तुझा प्रश्न रास्त आहे. नवीन बॉर्डरचे नमुने घरच्या मशीनवर काढायचे तर मेमरीच मोजावी लागते: १२ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये २४ जीबी घेतं, ८ बिटमध्ये १२. १६ जीबीच्या कार्डात ८ बिटचं मावतं. मॉडेल स्वतः शिकवायचं असेल तेव्हा ३२ जीबीची किंमत कळते, आणि ज्याला रोज ते करायचंय त्याने ५०९० घ्यावं, मी अडवणार नाही. पूर्ण बंगल्याचे वॉकथ्रू (आतून फिरवून दाखवणारे व्हिडिओ) करणारा, ज्याची फाइल सगळं आवरून सावरूनही २० जीबीच्या खाली येत नाही, त्यानेही घ्यावं. तुझं तसं काम वर्षातून एखादं येतं. त्या कामापुरतं मोठं कार्ड तासाच्या भाड्याने घे आणि भाडं बिलात लाव. शीपइटसारखं फुकटचं रेंडर फार्म सरावाला छान आहे, पण तिथे फाइल अनोळखी लोकांच्या मशीनवर जाते. कारखानदाराचं बाजारात न आलेलं डिझाइन तिथे चढवायचं नाही.

५०९० आणि ५०७० टीआयच्या जाहीर किमतींत १,३४,००० चा फरक आहे. त्यातून आधी चांगला आयपीएस (रंग नीट दाखवणारा) मॉनिटर आणि रंग जुळवायचं कॅलिब्रेटर घे. मागच्या कॅटलॉगमधला मोरपंखी परदेशी गिऱ्हाइकाला हिरवा दिसला आणि पानं पुन्हा करावी लागली, ते कार्डामुळे झालेलं नव्हतं. मग रॅम वाढव. उरलेले बँकेत राहू देत.

खरेदीला पुण्याला जाणार असशील तर बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची, ते त्याच बिलावर लिहून माग. दुबईहून आलेलं स्वस्तातलं कुणी देऊ केलं तर आधी विचार की बिघडल्यावर ते भारतात दुरुस्त होणार का. आणि पूर्ण मशीन जोडून एसटीने आणायचं असेल तर कार्ड काढून खोक्यात वेगळं आण. रस्त्याच्या हादऱ्याने कार्ड बसवायचा स्लॉट तुटू शकतो.

मेमरीचा आकडा आला की कळव. पप्पांना नमस्कार सांग.

तुझा,
सर