पहिलटकरणीने ताटाइतकीच मनाचीही काळजी घ्यावी
ताई, तुमचे पहिलेच बाळंतपण आहे म्हणून सविस्तर लिहिते. कळण्याची भाकरी, पोकळ्याची भाजी आणि तिच्यावर पिळलेले लिंबू हे आपले खानदेशी जेवण गरोदरपणात उत्तमच आहे. मात्र जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज, किमान 180 दिवस घ्यायची असते. शाकाहारी असाल तर रक्तातले बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

रक्तक्षयाचा बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी संबंध आढळला आहे, तरी केवळ आहाराने ते टळते असे मी म्हणणार नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी डिंकाच्या लाडवांचा डबा भरलेला असायचा आणि मी पाळण्याची दोरी हातात धरून कारण नसताना रडत बसायचे. ‘रडू नको, दूध आटेल’ एवढेच सगळे सांगत. पहिल्या काही दिवसांचे रडू सहसा ओसरते. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले असेल, तर ते आताच डॉक्टरांच्या कानावर घाला.