अव्होकॅडो सुरू करतेयस, तर एवढं लक्षात ठेव

अगं, एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, तो आजार) निदान होऊन तुला महिनाच झालाय, सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस. मला त्याच्यासोबत अकरा वर्षं झाली. अव्होकॅडोने हा आजार बरा होत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नकोस. पण पोटाला आधार नक्की मिळतो. 100 ग्रॅम गरात साधारण 6-7 ग्रॅम चोथा असतो, शिवाय ऑलिव्ह तेलात असते तशी चांगली चरबी, पोटॅशियम आणि फोलेट. पाळीच्या दिवसांत शौचाला बसल्यावर जी कळ यायची, ती माझी चोथा वाढवल्यावर बरीच कमी झाली.

नव्याने सुरू करताना या चुका हमखास होतात:

- पहिल्याच दिवशी अख्खं फळ खाणं. पोट फुगतं गं! दोन चमचे गरापासून सुरू कर, पाणी भरपूर पी.
- कडक फळ कापणं. देठापाशी अंगठ्याने किंचित दबलं की तयार. नाहीतर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेव.
- लोहासाठी यावर विसंबणं. यात लोह अगदी थोडं. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे.

मी गर कुस्करून त्यात लिंबू, मीठ, जिरेपूड घालते आणि गरम ज्वारीच्या भाकरीवर लावते. महाग पडलं तर जवसाची चटणी आहेच.